घाटात ट्रक बंद, मागे ॲम्ब्युलन्स अडकलेली. ट्रक बाजूला करायचा हक्क नेमका कोणाचा?

साखरप्याचा_बाळू

नमस्कार मंडळी. कोणाला नक्की माहिती असेल तरच सांगा, सरकारला शिव्या नकोत, त्या आम्ही रोज घालतोच.

परवा आंबा घाटात चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) ट्रक वर चढताना वळणावरच बंद पडला, एक्सल तुटला म्हणे. ड्रायव्हरने चाकांखाली दगड लावले, मागे पाचपन्नास फुटांवर झाडाच्या फांद्या तोडून टाकल्या आणि केबिनला कुलूप लावून मेकॅनिक आणायला खाली गेला कारण घाटात रेंज नाही. आता एक लेन बंद आणि एक लेन चालू, म्हणजे खरं तर आलटून पालटून गाड्या सोडल्या असत्या तर कोणाचंच काही अडलं नसतं, पण वरून येणारे आणि खालून जाणारे दोघंही त्याच मोकळ्या लेनमध्ये घुसले आणि नाकाला नाक लावून उभे राहिले. आणि त्या रांगेत मागे ॲम्ब्युलन्स, आत आमच्या वाडीतल्या काकी, रत्नागिरीहून कोल्हापूरला पाठवलेल्या. (पोचल्या, आता बऱ्या आहेत, त्याची काळजी नको.)

माझा प्रश्न पुढचा आहे. थोडं वर रस्त्याच्या कामावरचा जेसीबी उभा होता, ऑपरेटरही होता. आम्ही त्याला म्हटलं ट्रक हातभर कडेला सरकव फक्त, तर तो म्हणे मालकाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही, उद्या ट्रकवाला म्हणेल डिझेलची टाकी फोडली, भरपाई कोण देणार. गर्दीतले दोघेतिघे म्हणाले पंचनामा झाल्याशिवाय गाडी हलवायची नसते. अरे ॲक्सिडेंट झालेलाच नाही तर पंचनामा कसला! तर अशा वेळी गाडी हलवायचा हक्क कोणाला असतो, आणि पोलीस पोचायच्या आधी आपण लोकांनीच हलवली तर केस होते का? पावसाळा तोंडावर आलाय म्हणून विचारतोय.

---

बावनदीकाठचा

ट्रक सोड रे, तो बिचारा आहे तिथेच उभा होता. खरा जाम करतात ते दुसऱ्या लेनमध्ये घुसणारे, त्यात निम्मे मुंबई पुण्याच्या नंबरप्लेटचे आणि निम्मे आपलेच. दोन माणसं दोन्ही टोकांना लाल कापड घेऊन उभी राहिली असती तर जेसीबी लागलाच नसता.

---

कोर्टाच्या_पायरीवर

वकिली करतो, तालुक्याच्या कोर्टात, त्यामुळे अपघाताच्या केसेस रोज बघतो. बाळूशेठ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात, आधी त्या वेगळ्या करू.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. सोडून दिलेली, मोडलेली, जळलेली किंवा ड्रायव्हरशिवाय उभी असलेली गाडी वाहतुकीला धोका किंवा अडथळा होत असेल तर ती ताबडतोब उचलायला हद्दीतला पोलीस अधिकारी सांगू शकतो, आणि टोइंगचा खर्च मालकाच्या डोक्यावर. त्याच कलमात दहा तासांचीही एक अट आहे, लोक तिच्याकडे बोट दाखवून म्हणतात की दहा तास थांबावं लागतं. पण ती नुसत्या बेवारस उभ्या गाडीसाठी आहे, रस्ता अडवणाऱ्या गाडीला ती लागत नाही. म्हणजे तुमच्या घाटात गणवेशातला एक अधिकारी हजर असता आणि त्याने जेसीबीवाल्याला 'सरकव' म्हटलं असतं तर कायद्याने विषय तिथेच संपला होता.

बंद पडलेली गाडी रस्त्यात ठेवून वाहतूक अडवली तर दंडाचं कलम २०१. पूर्वी ताशी ५० रुपये होते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५०० पर्यंत. पण अचानक बिघाड झालाय आणि गाडी हलवायचं काम चालू आहे, तर दंड नाही. म्हणजे तुमचा ट्रकवाला मेकॅनिक आणायला गेला होता तर त्याला चोर ठरवू नका. अपघातातल्या गाडीला हा दंड तपासणी पूर्ण झाल्यानंतरच्या वेळेचा लागतो. पंचनाम्याची भीती इथूनच आली असावी, आणि मग ती बिघाडाच्या गाडीलाही लावून टाकली लोकांनी.

अपघात असेल तरी रस्ता दिवसभर बंद ठेवायची गरज नसते. चारी बाजूंनी फोटो, व्हिडिओ, टायर होते तिथे खडूने किंवा रंगाने खुणा, ब्रेकच्या घसाऱ्याचं माप, एवढं झालं की गाडी कडेला घेता येते आणि बाकी पंचनामा कडेला होतो. चांगले अधिकारी हेच करतात, नवीन असले की घाबरतात.

आता लोकांनी स्वतः हलवली तर. जीव वाचवायला, वाईट हेतू नसताना, मोठं नुकसान टाळायला छोटं नुकसान केलं तर तो गुन्हा नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम १९, जुन्या आयपीसीत ८१ होतं. पण हा बचाव आहे, आधीपासून मिळालेलं लायसन नाही. तक्रार झाली तर तुम्हाला दाखवावं लागेल की मागे ॲम्ब्युलन्स होती आणि दुसरा मार्ग नव्हता. म्हणून हात लावायच्या आधी मोबाईलवर शूटिंग करा, ॲम्ब्युलन्स त्यात दिसली पाहिजे, ११२ ला फोन केल्याची नोंद असली पाहिजे. दिवाणी भरपाईचा वाद तरीही होऊ शकतो, ते खोटं सांगणार नाही.

आणि हो, ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं १९४ई लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. ते तुमच्या नाकाला नाक लावणाऱ्यांना लागतं, बंद ट्रकला नाही.

---

पाटे_तुटले_मन_नाही

मी क्रेन चालवतो, हातखंबा ते लांजा ते साखरपा सगळीकडे जातो. वकीलसाहेब हक्काचं बोलले, मी लोखंडाचं बोलतो. कारण हक्क मिळाला तरी माहिती नसताना ट्रकला हात लावलात तर माणूस मरेल.

बाळू, एक्सल तुटला म्हणजे चाक निखळलं असं नाही. आतला दांडा तुटतो, चाक जागेवर असतं आणि फिरतंही. म्हणजे ट्रक ओढता येतो. पण ह्याची दुसरी बाजू ऐक, दांडा तुटला की गिअरमध्ये टाकलेला ट्रक धरत नाही, इंजिनाचा आणि चाकाचा संबंधच राहत नाही. तो ट्रक फक्त ब्रेकवर आणि त्या दगडांवर उभा होता. कोणी शहाण्याने दगड काढून धक्का मारला असता तर मागे वळणावर काय झालं असतं तुम्हीच विचार करा.

आता ब्रेक. मोठ्या गाड्यांना हवेचे ब्रेक, मागच्या चाकांना स्प्रिंग. टाकीत हवा आहे तोवर ती स्प्रिंग दाबलेली राहते, हवा उतरली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जाम. इंजिन बंद पडून वेळ झाला की हवा उतरतेच. मग पन्नास माणसं लावा नाहीतर जेसीबी लावा, चाक फिरणार नाही, घासत जाईल, टायर फाटेल आणि एखादवेळी बकेटचा दात खरंच डिझेलच्या टाकीत जाईल. ऑपरेटर घाबरला ते बरोबरच घाबरला. उपाय दोन आहेत, शेजारच्या चालू ट्रकमधून पाईपने हवा भरायची किंवा ब्रेकच्या डब्याच्या मागे बोल्ट असतो तो आवळून स्प्रिंग मागे ओढून घ्यायची. दोन्ही वेळेला पहिलं काम, चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड, आणि ट्रकच्या खालच्या बाजूला एकही माणूस उभा नको. एकही नको!! फोटो काढणारा तर अजिबात नको.

लांब ओढायचा असेल तर खालचा जॉइंट, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, सोडावा लागतो, नाहीतर इंजिन बंद असताना गिअरबॉक्स कोरडाच फिरून जळतो. हातभर कडेला घ्यायला सोडायची गरज नाही.

चिऱ्याच्या ट्रकचं अजून एक आहे. चिरा हाताने उतरवता येतो. गर्दी होतीच, रांग लावून निम्मा माल कठड्याकडे उतरवला असता तर ट्रक हलका झाला असता, आमचं कामही सोपं. सिमेंट, साखर, कोळसा हे असं होत नाही.

आणि एक विनंती, ट्रक निघाला की ते दगड आणि फांद्या उचला रे. ट्रक जातो आणि दगड तिथेच राहतात, मग रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो. असल्या दगडांवर पडलेल्यांना उचलायला मी गेलोय.

---

रातपाळी_१०८

१०८ वर काम केलंय. आमच्या बाजूने सांगतो, रस्ता उघडायची वाट बघत बसणं हा शेवटचा पर्याय आहे. घाट बंद दिसला की लगेच कंट्रोलला कळवून पलीकडच्या बाजूने दुसरी गाडी मागवायची, पेशंट स्ट्रेचरवर उचलून ट्रकच्या बाजूने पायी पलीकडे न्यायचा आणि त्या गाडीत चढवायचा. आंबा घाटात मलकापूरकडून गाडी येऊ शकते. पाऊस असेल तर वर ताडपत्री धरायला चार माणसं, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर उचलायला एक. लोक इथे खरंच उपयोगी पडतात, ट्रक ढकलण्यापेक्षा जास्त.

अडचण एकच, रेंज. गाडी जिथे अडकते तिथून फोन लागतच नाही. मग कोणीतरी बाईकवर रेंज येईपर्यंत मागे जायचं आणि तिथून फोन करायचा, सोबत गाडीचा नंबर आणि ठिकाण कागदावर लिहून घ्यायचं कारण फोनवर सगळे गडबडतात.

---

देवबागचो_झील

रे बाबांनो, तुमका क्रेन तरी गावता. आमच्याकडे करूळ नायतर फोंडा घाटात गाडी अडाकली की क्रेन येय पर्यंत भात शिजान थंड जाता. गणपतीत बघा, धा दिवस कशी क्रेन, डॉक्टर, चायपाणी सगळा रस्त्यार असता, अवजड गाडयो पण बंद करतत. आणि जुलयात, जेव्हा खरो पाऊस आणि खऱ्यो दरडी, तेव्हा काय एक नाय. चाकरमानी येवचे तेवा रस्तो सांभाळूचो, आमी ऱ्हवतो तो रस्तो काय आमचो न्हय?

---

बावनदीकाठचा

झीला, बोललास ते लाखमोलाचं. ह्याचं कारणही सरळ आहे. टोल चालू असलेल्या हायवेला ठेकेदाराच्या करारातच गस्तीची गाडी, क्रेन आणि ॲम्ब्युलन्स असते, १०३३ ला फोन केला की त्यातलीच कोणतीतरी येते. आपल्याकडे मुंबई-गोवा हायवे पनवेल ते इंदापूर एका यंत्रणेकडे, इंदापूरपासून झारापपर्यंत बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, त्यातही तुकडे तुकडे वेगवेगळ्या ठेकेदारांना, आणि घाटरस्ते अजून वेगळे. क्रेन कोणी ठेवायची हे ठरायच्या आत मालक मेकॅनिक घेऊन परत आलेला असतो. टोल नको म्हणून आंदोलनं आपणच केली आणि बरोबरच केली, रस्ता नाही तर टोल कसला, पण क्रेन तरी मागायची राहून गेली.

---

गिअर_पहिला

मी ट्रकवर असतो, जयगड ते बेळगाव. ड्रायव्हर केबिन लॉक करून गेला असं बाळूने वर लिहिलंय म्हणून लिहितो. लॉक नाही केली तर बॅटरी जाते, ताडपत्री जाते, डिझेल तर जातंच. आणि थांबून राहिलो तर जाम वाढला की लोक मारायला येतात, गाडी मी पाडली का बंद? स्प्रिंगचे पाटे बदलायचे पैसे मालक देत नाही, ओव्हरलोड मालक भरतो, शिव्या मला.

तरी एक मान्य करतो, क्लीनर असेल तर त्याला चावी देऊन गाडीपाशी ठेवायला पाहिजे. आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच नसतो, एकटा ड्रायव्हर, तिथून सगळा घोळ आहे. एकटा असलो तर मी काचेवर आतून कागद लावतो, मोबाईल नंबर आणि काय तुटलंय ते. क्रेनवाले दादांना विचारा ह्याचा किती फायदा होतो.

---

पाटे_तुटले_मन_नाही

निम्मं काम होतं भाऊ. काय तुटलंय हे आधी कळलं तर तसं सामान घेऊन निघतो, नाहीतर एकदा बघायला जा आणि एकदा सामान घेऊन जा.

---

नागोयातला_गुहागरकर

नोकरीनिमित्त जपानात आहे. इथलं सांगतो कारण ह्याच प्रश्नावर त्यांनी कायदाच बदललाय. २०१४ च्या फेब्रुवारीत इकडे प्रचंड बर्फ पडला, हजारो गाड्या रस्त्यातच अडकल्या, माणसं सोडून गेली आणि बर्फ काढायची यंत्रं त्या गाड्यांमुळे पुढे जाईनात. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपत्तीच्या मूळ कायद्यात दुरुस्ती केली. आता आपत्तीत रस्त्याचं खातं एखादा पट्टा जाहीर करतं, त्या पट्ट्यातल्या गाडीच्या मालकाला हलव म्हणून सांगतं, आणि मालक नसेल तर स्वतः हलवतं. हलवताना गरजेपुरतं नुकसान झालं तरी चालतं, त्याची भरपाई सरकार देतं. शेजारच्या माणसाच्या मोकळ्या जागेत तात्पुरती गाडी ठेवायचाही अधिकार दिलाय. म्हणजे तुमच्या जेसीबीवाल्याचा प्रश्न, भरपाई कोण देणार, त्याचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलंय.

आणि लोकांना शिकवलेलं असतं की भूकंप झाला आणि गाडी सोडून पळायचं असेल तर डावीकडे लावा, इंजिन बंद, चावी गाडीतच, दार लॉक करू नका, नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. आपल्याकडे चावी आत ठेवा सांगितलं तर गिअर_पहिला भाऊ म्हणतात तसं डिझेल जाईल, ते कळतंय मला. पण दरड कोसळताना गाडी सोडून पळताना तरी हँडब्रेक, न्यूट्रल आणि चावी हे तिन्ही बघावं. ऑटोमॅटिक गाड्या पी मध्ये लॉक करून गेलात तर त्या ढकलताच येत नाहीत.

---

कोर्टाच्या_पायरीवर

गुहागरकर, आपल्याकडेही अगदीच काही नाही असं नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये जिल्हा प्राधिकरणाला, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, वाहतूक बंद करणं, वळवणं, ढिगारा हटवणं हे अधिकार कलम ३४ ने आहेत आणि कलम ६५ ने बचावकार्यासाठी कोणाचंही वाहन ताब्यात घेता येतं. जेसीबी त्यातच आला. त्याचा मोबदलाही द्यावा लागतो, ६६ मध्ये आहे. पण एक ट्रक बंद पडणं म्हणजे आपत्ती नव्हे, दरड आली किंवा पूर आला तर. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा हे सगळं वापरायची वेळ आलीच होती.

---

काजळीकाठ

सगळं वाचलं, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही आणि ती आपल्या पट्ट्यात सगळ्यात महत्त्वाची आहे. गॅसचा टँकर असेल तर वरचं सगळं विसरा. ढकलू नका, ओढू नका, चिऱ्यासारखी रांग तर लावूच नका. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत गेला होता, आम्ही नदीच्या ह्या बाजूचे. ड्रायव्हर गेला बिचारा. हायवे दिवसभराहून जास्त बंद होता आणि तो बंद ठेवला तेच बरोबर होतं. लोक तेव्हा पण म्हणत होते की क्रेन आहे तर उचलत का नाहीत. अरे भरलेला टँकर उचलायचा नसतो, आधी तज्ञ माणसं येतात, गॅस दुसऱ्या टँकरमध्ये घेतात, पाण्याचा फवारा चालू ठेवतात आणि मग क्रेन.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत खोलगट भागात, गटारात, घाटाच्या खालच्या वळणावर जाऊन साठतो. म्हणजे तुम्ही टँकरपासून लांब, पण उताराला खाली उभे असाल तर जास्त धोक्यात आहात. वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि चढाला जायचं, गाड्यांची इंजिनं बंद, बिडी सिगरेट बंद. टँकरच्या मागे आणि बाजूला चौकोनी पाटी असते, त्यावर चार आकडी नंबर असतो. एलपीजीचा १०७५. तो नंबर लांबूनच वाचून ११२ ला सांगा, जवळ जाऊन फोटो काढायची काही गरज नाही.

---

साखरप्याचा_बाळू

मंडळी, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. काजळीकाठ, तुमचं वाचून अंगावर काटा आला कारण आंबा घाटातूनही टँकर जातात आणि आम्ही कोणी ती पाटी कधी वाचलेली नाही.

आम्ही तीनचार जणांनी ठरवलंय की तहसीलला पावसाळ्याआधी बैठक होते तिथे सरपंचांना घेऊन जायचं. मागणी एकच ठेवायची, जून ते सप्टेंबर घाटाच्या पायथ्याला एक क्रेन आणि घाटात काम करणाऱ्या ठेकेदाराच्या जेसीबीला आधीच लेखी आदेश, म्हणजे पोलिसांनी फोनवर सांगितलं तरी तो हलवेल. वकीलसाहेब, असा आधी आदेश देता येतो का? आणि क्रेनवाले दादा, गावात आम्ही सामान ठेवायचं म्हटलं तर काय ठेवू? नायलॉनचा जाड दोर आहे आमच्याकडे होडीचा.

---

कोर्टाच्या_पायरीवर

दरडीच्या दिवसांसाठी जिल्हाधिकारी असा आदेश काढू शकतात, पावसाळी आराखड्यात यंत्रं आणि ऑपरेटरचे फोन नंबर नावानिशी घेतले जातात, तुमच्या घाटातला जेसीबी त्या यादीत आहे का ते आधी विचारा. रोजच्या बिघाडासाठी पोलीस ठाण्याकडून मागा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा नंबर १०७७, तो घाटाच्या दोन्ही टोकांच्या चहाच्या टपऱ्यांवर लिहून लावा.

---

पाटे_तुटले_मन_नाही

होडीचा दोर ट्रकला लावू नका बाळू, हात जोडतो. नायलॉन ताणतो आणि तुटला की उलटा येतो, पाय मोडलेला माणूस बघितलाय मी. छोट्या कारला चालेल, ट्रकला लोखंडी टो बार किंवा क्रेनची साखळीच. तुम्ही ठेवायचंच तर लाकडाच्या दोन मोठ्या पाचरी ठेवा, फणसाच्या नको हलक्या असतात, आईनाच्या करून घ्या. चार रिफ्लेक्टरचे त्रिकोण, दोन चांगल्या बॅटऱ्या, दोन शिट्ट्या, लाल हिरवं कापड. आणि हवा भरायचा पाईप, दोन्ही टोकांना नट असलेला, साखरप्यात कुठल्याही टायरवाल्याकडे बनवून मिळेल. माझा नंबर मेसेजमध्ये टाकतो, रात्री पण उचलतो फक्त मिस्ड कॉल देऊ नका.